दूध कट्ट्यावरच्या वकीलबाई

गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर ताजं दूध प्यायला आलेल्याला समोरच्या म्हशीची धार निघेपर्यंत थांबावं लागतं. तेवढ्या वेळात लोक कुस्तीवर नाहीतर निवडणुकीवर बोलतात. ॲडव्होकेट मंदाकिनी कांबळे तिथं सर्वोच्च न्यायालयाचे निकाल सांगायच्या. अंगावर काळा कोट, हातात फेसाळ दुधाचा पेला आणि आवाज असा, की म्हशीनंही मान वळवावी.

मी त्यांच्याच बार रूममधला वकील. निकाल मीही वाचायचो, त्यांच्याआधी वाचायचो, समासात खुणा करून वाचायचो. पण मी 'मूलभूत अधिकार' म्हटलं की पक्षकार घड्याळाकडे बघायचा. अटकेबद्दलचा निकाल आला तेव्हा मंदाताई कट्ट्यावरच्या एका पैलवानाला म्हणाल्या, "पावणं, तुमच्या भावाला पोलिसांनी उचललं, तर कुठं ठेवलाय ते घरात सांगाय पायजे का नको?"

"पायजेच की!"

"मग कोर्टानं त्येच सांगितलंय. कोर्टानं दिलंय, पर मागाय जाणार कोण?"

हे शेवटचं वाक्य त्यांचं ठरलेलं. आठवडाभरात तो पैलवान तालमीत हाच निकाल स्वतःचा शोध असल्यासारखा सांगत होता. माझ्या पोटात दुखायचं. खरं सांगतो, फार दुखायचं.

सत्त्याण्णव साली कामाच्या ठिकाणी बायकांना होणाऱ्या छळाबद्दलचा निकाल लागला. कट्ट्यावर हशा पिकला. "म्हंजे आता हापिसात बाईसंगं बोलायचंच न्हाय व्हय?" एकानं विचारलं.

मंदाताईंनी पेला खाली ठेवला. "बोला की. तुमच्या भैनीसंगं तिचा सायब जेवढं बोललेलं तुम्हाला चालंल, तेवढं बोला."

हसणं थांबलं आणि वाद सुरू झाला. तो पुढं कितीतरी दिवस चालला, कट्ट्यावर, तालमीत, अगदी आमच्या बार रूममध्येसुद्धा. निकालाची प्रत माझ्या पिशवीत होती. ती कुणी मागितली नाही.

घरी येऊन मी बायकोला म्हणालो, "आज मंदाताईंनी म्हशींना कायदा शिकवला." सुनंदा तेव्हा एका पतसंस्थेत कारकून होती. ती हसली नाही. "नेमकं काय म्हणाल्या?" एवढंच तिनं विचारलं. झालं, हिलाही त्यांचंच कौतुक, असं म्हणून मी पानावर बसलो.

दोनेक महिन्यांनी बार रूममध्ये एकानं माझी पाठ थोपटली. "वहिनींनी भारी केलं राव! मॅनेजरला पार आजऱ्याच्या शाखेत घालवला."

मला यातलं काहीही ठाऊक नव्हतं. तक्रार, चौकशी समिती, समितीची अध्यक्ष बाईच हवी हा आग्रह, सगळं मंदाताईंनी तडीला नेलं होतं. ज्या घरात कायद्याच्या पुस्तकांनी एक भिंत भरली आहे, त्या घरातली बाई सल्ल्याला दुसरीकडे गेली होती. मॅनेजरचा राग मला नंतर आला. आधी मंदाताईंचा आला.

"मी मेलो होतो काय?" मी सुनंदाला विचारलं.

ती भाकरी थापत होती. "तुम्हाला सांगितलं असतं तर नोकरी सोड म्हणाला असता," ती म्हणाली. "त्यांनी विचारलं, तुला काय पायजे? मी म्हटलं, मला माझ्या खुर्चीवर बसायचंय. जायचं असंल तर त्यानं जावं."



मंदाताईंनी मात्र हा विषय माझ्यापाशी कधी काढला नाही. रोजच्यासारखंच "काय वकीलसाहेब, बरं हाय न्हवं?" म्हणायच्या. एकदा तरी टोमणा मारला असता, तर मी भांडून मोकळा झालो असतो. त्यांनी तेवढंही सुख दिलं नाही.

पुढं काही वर्षांनी त्या कर्करोगानं गेल्या. बारच्या शोकसभेत मी बोललो, आणि चांगलं बोललो.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी वारणानगरहून एक तरुण बाई बार रूमच्या दारात आली. पदर मुठीत घट्ट धरलेला. "कांबळे वकीलबाई हायत का?"

"त्या वारल्या. तुम्ही बसा, मीही वकीलच आहे. काय काम होतं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं, मी पुढं केलेल्या खुर्चीकडे पाहिलं. "न्हाय, ऱ्हाऊ दे," म्हणाली आणि वळली. मी जिन्यापर्यंत मागं गेलो, "अहो, थांबा तरी," म्हणालो. ती थांबली नाही.

गेलेल्या माणसाचा हेवा करू नये म्हणतात. मी अजून करतो.