दुकान वाढवताना

आमच्या घरात ‘दुकान बंद केलं’ असं म्हणायची सोय नव्हती. बंद म्हणजे अभद्र. संध्याकाळी बाबा फळ्या लावून, कुलूप घालून घरी आले की आई विचारायची, “वाढवलंत का दुकान?” आणि बाबा चपला काढता काढता म्हणायचे, “वाढवलं.” हा सगळ्या दुकानदारांचा शब्द. बांगडी कशी फुटत नाही, वाढते, तसं दुकानही मिटत नाही, वाढतं. लहानपणी मला खरंच वाटायचं, रोज एवढं वाढतंय तर एक दिवस आमचं दुकान तलावपाळीपर्यंत जाणार. कुठलं काय! ठाण्याच्या बाजारातला तो एक गाळा, होता तेवढाच राहिला.

कापडाचं दुकान होतं आमचं. पांढरी गादी, दोन लोड, मागे छतापर्यंत लुगड्यांच्या घड्या. गिऱ्हाईक आलं की आधी पाणी, मग घरची चौकशी, आणि मग कापड. भावासाठी घासाघीस व्हायची, पण तिला कुणी भांडण समजायचं नाही. कोपरीकडच्या आगरी बायका यायच्या, त्यांचा आवाज पार नाक्यापर्यंत. “शेट, तुजा भाव तुलाच र्‍हाऊ दे!” बाबा हसून म्हणायचे, “मलाच ठेवलास तर मी खाऊ काय गं?” लुगडं ठरेपर्यंत कुणाची लेक बाळंतपणाला आलीय, कुणाच्या मिठागरातलं मीठ अवेळी पावसानं वाहून गेलं, सगळं कळायचं. शाळा सुटली की मी तिथेच लोडाला टेकून बसायची. कोऱ्या मांजरपाटाला खळीचा एक वास असतो. तो वास आला की अजूनही माझे पाय थबकतात, आणि बरोबर कोणी असेल तर ते पुढे निघून जातं.

मग स्टेशनजवळ ते मोठं दुकान आलं. मुंबईतल्या एका पेढीचं. दादरला होतं, गिरगावात होतं, आता ठाण्यातही. काचेची कपाटं, ट्यूबलाइट, आणि दारावर ठळक पाटी: एकच भाव. ते गिरणीतून गाठीच्या गाठी उचलायचे. बाबांना जे घाऊकमध्ये पडायचं, त्याहून स्वस्त ते किरकोळीत विकायचे. सणाला वर सूट. आता स्वस्त मिळत असेल तर माणसं जाणारच की. पगारात घर चालवणाऱ्या बाईला मी काय म्हणून नावं ठेवू? मला राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. आमच्याच आळीतल्या बायका त्या दुकानाची छापील पिशवी पदराखाली लपवून आमच्या गाळ्यावरून जायच्या. अगं, लपवतेस कशाला? घेतलंयस तर मिरव ना! आणि बाबा असे की, तशी बाई लांबून दिसली की रस्त्याकडे पाठ करून उगाचच मागच्या घड्या नीट करत बसायचे. का, तर तिला अवघडायला नको. मी चिडले की म्हणायचे, “जाऊ दे गं, तिलाही संसार आहे.”

माझं लग्न ठरायची बोलणी चालू झाली ती याच सुमारास. मुलगा डोंबिवलीचा, वडील मुंबईला कचेरीत. मंडळी घरी आली. पोहे झाले, मी आत गेले आणि दाराआडून ऐकत राहिले. बोलता बोलता आई म्हणाली, “दिवाळी झाली की दुकान वाढवायचं म्हणताहेत.” मला ते तेव्हाच कळलं, पहिल्यांदा. रोजचं वाढवणं नव्हे हे, कायमचं.

तर माझे होणारे मामंजी एकदम खूश! “वा वा! वाढवताय? छान! मग शेजारचा गाळा घेताय म्हणा की!”

कप्पाळ माझं! नोकरदार माणूस, त्यांना आमची भाषा कुठून कळणार? कचेरी सुटते, ती काही वाढत नाही. आईचा चेहरा कसा झाला असेल ते मला दाराआडूनही दिसलं. बाबा नुसतं “बघू” म्हणाले. लेकीच्या सोयरिकीत बसून ‘आमचं दुकान बुडालं हो’ असं कुठला बाप सांगेल? सासूबाई मात्र एक शब्द बोलल्या नाहीत. उठताना तेवढ्या म्हणाल्या, “बस्ता तुमच्याच दुकानातून घेऊ. दोन्हीकडचा.”

लग्नाचं सगळं कापड दोन्ही घरच्यांनी मिळून एकाच दुकानात बसून घ्यायचं, तो बस्ता. एवढा मोठा बस्ता आमच्याकडे कितीतरी दिवसांत बसला नव्हता. बाबांचा जीव त्या एका दुपारीत अडकून बसला. दुकान जाणार ते जाणारच होतं, पण माझा बस्ता त्या गादीवर व्हायला हवा होता. गाळ्याचा मालक गाळा रिकामा करायची घाई करत होता, त्याला त्यांनी हातापाया पडून थोपवलं. गादीला नवी खोळ घातली. शेजारच्या दुकानातून आणखी लोड मागून आणले.

आणि आली की मंडळी! आत्या, माम्या, काकवा, मांडीला मांडी लावून गादीवर. बाबा एक घडी उलगडायचे, पदर स्वतःच्या खांद्यावर टाकून दाखवायचे, ती ठेवून दुसरी. किती दिवसांनी त्यांचा आवाज असा मोकळा लागला होता. रस्त्यावरची माणसं गर्दी बघून डोकावत होती. मी नवरी, मान खाली घालून बसायला हवी, पण मी बाबांकडेच बघत होते. असंच चालू राहू दे, एवढंच मनात येत होतं.

पातळं निघाली, शेले निघाले, आणि मामंजींनी विचारलंच, “मग शेजारचा गाळा कधी ताब्यात येतोय?”

बाबांनी ऐकलं न ऐकलंसं करून पुढची घडी ओढली. बोलल्या त्या सासूबाई. “अहो, दुकान वाढवणं म्हणजे मिटणं. माझ्या माहेरी कल्याणला वाण्याचं दुकान होतं. माझ्या वडिलांनीही असंच वाढवलं.”

म्हणजे बाईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं! मामंजी बिचारे ओशाळले. मग घसा साफ करून म्हणाले, “तुम्ही सांगाल तो भाव. आज आम्ही एक अक्षर बोलणार नाही.”

त्यांना वाटलं, आपण मोठेपणा करतोय. बाबांचे डोळे भरून आले. “असं नका करू हो,” ते म्हणाले. “एक भाव तिकडे, स्टेशनजवळ. इथे भाव करा. माझ्याशी भांडा जरा.”

बाबांनी अजून भाव सांगितलाही नव्हता. सासूबाईंनी हातातलं जांभळं पातळ धाडकन गादीवर टाकलं. “हे एवढं सांगता? लुटायला बसलात की काय? मला नकोच!” आणि उठल्या, चपला घातल्या, पायरी उतरून थेट रस्त्यावर. आता बाबांनी हाक मारायची, ‘अहो विहीणबाई, या परत, तुमचा भाव सांगा.’ सगळ्या दुकानदारांची हीच रीत. मी वाट बघत होते. पण बाबा ते पातळ हातात घेऊन दाराकडेच बघत राहिले.

सासूबाई वळल्या. “हे काय, बोलवत नाही होय मला?”

“बोलवतो,” बाबा म्हणाले, “पण जरा तिथंच उभ्या राहा. दारात गिऱ्हाईक उभं असलेलं बघू द्या मला थोडा वेळ.”

आणि त्या उभ्या राहिल्या. भर उन्हात, डोक्यावरून पदर घेऊन, बाबांनी बोलवेपर्यंत.