रोखीची पावती

भंडाऱ्यात बायकांना फुकट शिवणकाम शिकवणाऱ्या आमच्या कार्यशाळेत दान घ्यायला एक बाई बसतात. कोणी काही आणलं की "बसा जी" म्हणतात आणि आधी ती वस्तू स्वतः चालवून पाहतात.

परवा कार्यशाळेच्या शेडच्या मालकाने जुन्या शिलाई मशिनी आणल्या आणि रोख देणगीची पावती मागितली.

बाई म्हणाल्या, "वस्तूच्या दानाले टॅक्सची सूट नाही जी. पोच भेटन."

"मंग शेड खाली करा!" मालक ओरडला.

शिकणाऱ्या बायकांचे मशिनी चालवणारे पाय थांबले. बाईंनी पावतीपुस्तक मिटलं.

"करून देऊ. पण खोटी पावती नाही फाडत."

मालक मशिनी घेऊन निघून गेला. बाई पाणी प्यायल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"तुमच्या घरची ओसरी केवढी आहे जी?"