ठेच्यातलं लवंगेचं तेल

नव्वदच्या दशकात तुमचे बाबा नांदेडला हॉस्टेलवर राहून शिकत होते. मेसच्या जेवणाला चव नसे, म्हणून हिंगोलीहून त्यांना एसटीच्या कंडक्टरबरोबर ठेचा जाई. हिरव्या मिरचीचा, ओला, लसूण-कोथिंबीर घातलेला. एक डबा माझा आणि एक माझ्या धाकट्या जावेचा. पण सुट्टीत आलं की हे लेकरू आधी तिच्याच स्वयंपाकघरात शिरायचं. ते मला आजही सहन होत नाही.

ओला ठेचा लवकर आंबतो. मी इंग्रजीतून विज्ञान शिकलेली. माझा डबा महिनाभर टिकवायचाच, असं ठरवलं. लिंबाचा रस, चिमूटभर सोडियम बेंझोएट आणि लवंगेचं तेल. आंबट पदार्थात बेंझोएट जंतूंना वाढू देत नाही आणि त्याला तेलाची जोड मिळाली की दोन्ही अगदी कमी घातली तरी पुरतात. हे वाचूनही मी तेल सढळ हातानं ओतलं. माझा ठेचा तिच्यापेक्षा टिकायला हवा होता.

जावेनं वास घेतला. "जाऊबाई, ठेच्यात दाताचा दवाखाना घातला का काय?"

"तुझा आंबला की मग बोल."

तिचा आंबला. पोरानं तो तसाच खाऊन संपवला आणि पोट धरून घरी आला. आता तरी त्याला कळेल, असं मला वाटलं.

"काकूच्या ठेच्यानं न्हाई झालं," तो अंथरुणातूनच म्हणाला. "मेसचं पाणीच खराब हाय."

"आणि माझा डबा?"

"तसाच हाय, आई. काहीच झालं न्हाई त्याला."

जाऊ त्याच्या उशाशी बसून पेज भरवत होती. माझ्याच घरात, माझ्याच वाटीतून.

पुढच्या खेपेला मी तिला म्हटलं, ठेचा तू कूट, टिकवायचं मी बघते. तिनं तोंड वाकडं केलं, पण लेकराच्या पोटाचा प्रश्न होता. तिच्या ठेच्यात मी लिंबू पिळलं, बेंझोएट तोलून घातलं, तेल अगदी काडीच्या टोकावर येईल एवढंच. या वेळी डबा एकच गेला.

दिवाळीला तो आला तो दारातूनच ओरडत. "काकू, या बारी तुझा ठेचा शेवटपर्यंत चांगला राहिला! काय घातलं व्हतं?"

जावेनं माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, सांगेल.

"घालायचं काय रे? हाताची चव हाय."

तो तिच्यामागे आत गेला. मी त्याची बॅग उघडून मळके कपडे बाहेर काढू लागले.