मॅडम, आज काय पाहू?

चांगली डॉक्युमेंटरी पाहिली की ती माझ्या पोटात राहतच नाही! कळंबच्या एका शाळेत मी भूगोल शिकवते. घरी एका ओटीटीचं सबस्क्रिप्शन घेतलं आणि दुसऱ्याच दिवसापासून स्टाफरूममध्ये दिसेल त्याला "हे पाहाच!" म्हणून धरू लागले. लोक खरंच पाहू लागले. आता किस्से इतके साचलेत, की मधल्या सुट्टीत डबा तसाच राहतो.

*

पहिले सापडले राऊत सर. गणिताचे, घरची शेती. त्यांना खोल समुद्रातल्या जिवांवरची फिल्म सांगितली. काय फिल्म आहे! तळाशी काळाकुट्ट अंधार आणि त्यात एक मासा डोक्यावर दिवा घेऊन फिरतो!

दुसऱ्या दिवशी सर तडक माझ्या टेबलाशी. "मॅडम, तो मासा सोताचा लाइट घेऊन फिरून राह्यला. अन् आपण? लाइन गेली का वायरमनले फोन!"

*

मराठीच्या वंदनाताई फार मनाला लावून घेतात. त्यांना प्लास्टिकवरची फिल्म सांगितली, ही माझीच चूक. समुद्रपक्ष्याच्या पोटातून बाटल्यांची झाकणं निघालेली पाहिली आणि ताईंनी रविवारी घरातले सगळे प्लास्टिकचे डबे भंगारवाल्याला देऊन टाकले. सासूबाई देवळातून परतल्या, तर डाळी, तिखट, पोहे, सगळं पातेल्यांत!

"अवं, समुद्र तुनं पाह्यला नाई, मी पाह्यला नाई. माझे डबे कायले गेले?"

ताईंनी त्यांना बसवून ती फिल्म दाखवली. सासूबाईंनी पदरानं डोळे पुसले. म्हणाल्या, "बरं, गेले तं गेले. पण त्या भंगारवाल्यानं ते कुठं नेले, हे विचारलं काय तुनं?"



*

मुख्याध्यापकांना झोपेवरची फिल्म दिली. मेंदू झोपेत काय काय आवरतो, थक्क व्हायला होतं! आठवड्यानं विचारलं, "सर, कशी वाटली?"

"अप्रतिम! रोज लावतो. दहा मिनिटांच्या पुढं गेलोच नाही!"

*

मग राऊत सरांना मधमाश्यांची. ही तर मी तीनदा पाहिली! सरांची तूर तेव्हा ऐन फुलावर होती आणि फवारणी ठरलेली. सकाळी पंप भरून ते धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर गेले आणि तसेच उभे राहिले. फुलाफुलावर माश्या!

शेजारच्या शेतातून हाक आली. "काहून सर, थांबले कायले?"

"थांबा ना भाऊ, पाहुणे जेवून राह्यले!"

*

आणि आमचे आत्रामकाका. प्रयोगशाळा सांभाळतात, निवृत्तीला वर्षभर राहिलंय. बोलणं मोजकं. त्यांची घरची भाषा कोलामी, पण ती आम्ही कधी त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती. खरं तर कधी विचारलंही नव्हतं.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना लॅपटॉपवर फिल्म दाखवली. संपत चाललेल्या भाषांवरची. एका दूरच्या बेटावर एक म्हातारी. तिची भाषा बोलणारी तीच एकटी उरलेली. मग ती आपल्या शेळ्यांशी बोलते. वंदनाताई रडायला लागल्या. राऊत सरांनी चष्मा उगाचच पुसला.

काका उठून व्हरांड्यात गेले आणि फोन लावला.

त्यांची मोठी बहीण पोडावर राहते, म्हणजे त्यांच्या मूळ वस्तीवर. भाचीच्या लग्नात मानपानावरून बिनसलं, तेव्हापासून सहा वर्षं दोघांचं बोलणं बंद होतं.

आधी काका हळू बोलत होते. मग आवाज चढला. मग हातवारे! कोलामीचा नुसता धबधबा! एवढा आवाज या माणसात होता? मुख्याध्यापक केबिनमधून बाहेर आले, ऐकत उभे राहिले आणि पाय न वाजवता आत गेले. वीस मिनिटं हे चाललं होतं.

काका परत आले, तेव्हा चेहरा लाल, डोळे ओले. राऊत सरांनी विचारलं, "काका, काय झालं? बोलली काय बहीण?"

काका गटागट ग्लासभर पाणी प्यायले.

"भांडलो जी. पोटभर भांडलो! उद्या येऊन राह्यली ते, उरलेलं भांडाले!"