पाण्याखाली हाक कशी माराची?

धानोऱ्याहून गडचिरोलीले येणाऱ्या एसटीत मी मांडीवर बॅग उघडून बसली होती. आठ दिवस समुद्रात बोटीवरच राहाचं, पाठीवर हवेचं नळकांडं बांधून पाण्याखाली प्रवाळ पाहाचं! कॉलेजातून मी एकटीच चालली होती. तिसऱ्यांदा सामान भरून राह्यली होती, तरी चादर ठेवू का काढू, काईच समजत नव्हतं.

बाजूच्या बाईच्या मांडीवर चारोळीचं गाठोडं होतं. तिनं न विचारताच बॅगेतला पाण्यातला चष्मा उचलून डोळ्याले लावला.

"मले तं सगळं तसंच दिसते व पोरी."

"बाई, तो पाण्याखाली लावाचा आहे."

"अन् पाण्याखाली हाक कशी माराची? आमी जंगलात मोहाची फुलं वेचताना एकमेकींले कूऊ करत राह्यतो. कूऊ आली नाई, का समजाचं कोनी वाट चुकली."

"तिथं हाताच्या खुणा असतात." मी अंगठा वर केला. "हे म्हणजे मस्त! नाई नाई, हे म्हणजे मले वर जाचं आहे."

"पक्कं कोनतं?"

मीच गोंधळली. ती हसता हसता खोकलली, मंग एकदम थांबली.

"अन् कोनी तुयाकडे पाहूनच नाई राह्यलं तं?"

हे मी कोणालेच विचारलं नव्हतं. वाटलं, घरी परत जावं.

"तं खुणा सोड. बाजूले जो असंन त्याचा हात धर. लाजू नको."

तिचं गाव आलं. ती उठाले गेली, तवा ध्यानात आलं का मी तिचं मनगट गच्च धरून बसली होती, अन् तिनं मायं. कंडक्टर ओरडून राह्यला होता, अन् आधी कोनं सोडाचं, हेच आमाले समजेना.