अहिवाऱ्याजवळची सात झाडे

नागपूरहून निघण्याचा निर्णय माझा नव्हता. पुतणीचा, सुजाताचा होता. "मोठेबाबा, आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलं ना? मग आता माझी झाडं तपासायला या," ती फोनवर म्हणाली. जनुकबदल केलेल्या निलगिरीची एक चाचणी-लागवड तिच्याकडे आहे. लाकडाला ताठपणा देणारे लिग्निन या झाडांत कमी केले आहे, त्यामुळे लाकडापासून इंधन काढणे सोपे जाते. प्रश्न एवढाच, की अशी झाडे उघड्या रानात वाऱ्यापुढे उभी राहतील का?

सकाळच्या गाडीने साडेचार तासांत दुर्ग गाठले. मुक्काम भिलाईत, हुडको वसाहतीतल्या तिच्या घरी. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या टपरीत फरा, म्हणजे तांदळाच्या पिठाचे उकडलेले मुटके, आणि टोमॅटोची चटणी खाल्ली; साठ रुपयांत दोघांची न्याहारी झाली. लागवड अहिवाऱ्याजवळ आहे; तिथवरचा रस्ता बरा आहे. मात्र पुढे चुनखडीचा ट्रक असेल तर काचा बंद ठेवाव्यात. लागवडीत परवानगीवाचून प्रवेश मिळत नाही. माझी परवानगी सुजाताने आधीच काढली होती.

राखणदार शामराव मूळचे भंडाऱ्याचे, पोलाद कारखान्यातून निवृत्त झालेले. त्यांनी फाटक उघडले आणि कौतुकाने एकेक ओळ दाखवू लागले. तिसऱ्या ओळीत सुजाता थबकली. सात झाडे लुगड्याच्या चिंध्यांनी बांबूंना बांधलेली होती.

"काका, हे काय करून ठेवलं?"

"परवा हवा सुटली न, बेटा. वाकून राहिले होते बिचारे. बायकोचं जुनं लुगडं फाडलं अन् बांधून देल्लं."

"अहो, आपली आपण उभी राहतात का, तेच तर पाहायचं आहे!"

"मंग पडू देऊ का? पोट्टं उभं राहाले शिकते तवा हात नाही देत का आपण?"

नोंद केली तर ती ओळ निष्कर्षातून बाद होणार होती, आणि सुजाताच्या दोन वर्षांच्या अहवालाचा कणा तीच ओळ होती. नोंद टाळली तर अहवाल खोटा ठरणार होता. तिने माझ्याकडे पाहिले.

मी म्हणालो, "विधान असे, की झाड स्वबळावर उभे आहे. बांबूचा पुरावा झाडाच्या नावे धरता येत नाही."

"मंजे बांबू पास अन् झाड नापास!" शामराव म्हणाले.

सुजाता हसली, मग वही उघडून म्हणाली, "लिहिते. तुमचं नाव नाही घालत, काका."

"घाल ना. चोरी केली का म्या? शामरावनं बांधलं म्हून लिव्ह."

गाठी त्यांनीच सोडल्या. पाच झाडे सावकाश कलली, सहावे उभे राहिले. सातव्याच्या वेळी त्यांची बोटे अडखळली, तेव्हा मी नकळत खोडाला तळहात लावला. साल गार होती. तेही झाड उभेच राहिले.

घरी परतल्यावर आठवड्याने तिचा फोन आला. ओळ बाद झाली, अहवाल एका हंगामाने लांबला. शामराव कामावर आहेत, फक्त त्यांना बांबू आणायची बंदी आहे. या प्रवासातून माझ्याजवळ काय उरले, ते मी तिला सांगणार होतो; तेवढ्यात तिने विचारले, "मोठेबाबा, सातव्या झाडाला तुम्ही हात लावला होता का?"

मी म्हणालो, "लावला होता. तेही लिही, माझ्या नावासकट."