पाटीखालची रुई

आमच्या वसाहतीत फुलपाखरांसाठी बाग होते आहे. झाडांआधी पाटी आली, तिच्यावर केशरी पंखांचं मोठं फुलपाखरू. आज सकाळी माळीकाका त्याच पाटीखालची रुई कुदळीने खणून काढत होते.

"काका, थांबा! पानांवर अळ्या आहेत."

"म्हणूनच तर काढतोय. उद्या उद्घाटन. साहेब म्हणाले, बागेत किडे दिसता कामा नयेत."

"अहो, पाटीवरचं फुलपाखरू याच अळ्यांचं होतं!"

"मला माहीत आहे, ताई. साहेबांना सांगा."

समितीच्या साहेबांना सांगितलं. "फुलझाडं मागवलीत की भरपूर," म्हणाले. रुई कचऱ्याच्या गाडीत गेली, अळ्यांसकट.

हे फुलपाखरू मध कुठल्याही फुलातला पितं, पण अंडी घालतं रुईवर नाहीतर तिच्या कुळातल्या झाडांवरच, कारण अळ्या दुसरं काही खात नाहीत. एवढी साधी गोष्ट शिकायला मला पंचवीस वर्षं लागली, याची मलाच लाज वाटते. साहेबांना तर शिकायचीच नाही. आपल्याला सगळं रंगीत, उडतं, तयार हवं असतं. त्याआधीचं सरपटणं, पानं कुरतडणं आपल्या लेखी घाण.

दुपारी कुंड्या मांडून झाल्या आणि खरोखरच एक केशरी मादी आली. फुलांकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. अंडी घालायला ती रुईचं पान शोधत होती. एका पानावर पाय टेकवायची, उडायची, दुसऱ्यावर टेकवायची, पुन्हा उडायची.

"आली, आली!" साहेबांनी मोबाइल काढला. "बघा, कशी नाचतेय आनंदाने!"